दोन चित्रं, एकच डोकं

१ ऑक्टोबर १९७१. तुम्ही लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात उभे आहात. समोर एक बाई उताण्या झोपल्या आहेत. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी, असा डॉक्टरांना संशय आहे. त्यांचं डोकं एका यंत्राच्या तोंडात सरकवलेलं आहे. डोक्याभोवती रबराची टोपी आणि टोपीपलीकडे पाण्यानं भरलेली पेटी. जराही हलायचं नाही, एवढंच काम त्यांच्याकडे आहे.

यंत्र चालू होतं. डोक्याच्या एका बाजूला क्ष-किरणांची नळी आहे आणि पलीकडे पोचलेले किरण मोजणारा डिटेक्टर आहे. दोन्ही एकाच चौकटीवर बसवलेले. चौकट या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकते, वाटेत १६० ठिकाणी मोजमाप घेते, एक अंश फिरते आणि पुन्हा सरकायला लागते. असं १८० वेळा. चार-पाच मिनिटं जातात. इतका वेळ घेणारा एक्स-रे तुम्ही पाहिलेला नाही, आणि एवढं होऊनही बघायला काहीच मिळत नाही. फिल्म नाही, ती धुवायची डार्करूम नाही. हाती येते ती आकड्यांनी भरलेली चुंबकीय टेप.

यंत्राशेजारी उभा असलेला अबोल इंजिनिअर म्हणजे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड. तो ईएमआयचा नोकर, गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी तीच ईएमआय. प्रयोगशाळेतलं त्याचं पहिलं यंत्र लेथच्या सांगाड्यावर उभं केलेलं होतं. त्यात अमेरिशियममधून निघणारे गॅमा किरण वापरले होते. त्यांचा झोत इतका क्षीण की एका कापाची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागले आणि २८,००० आकड्यांचा हिशेब करायला संगणकाला अडीच तास. हॉस्पिटलचे रेडिऑलॉजिस्ट जेम्स अँब्रोज त्याच्या पाठीशी उभे राहिले म्हणून आज इथे हाडामांसाचा रुग्ण आहे.

टेप गाडीतून ईएमआयच्या संगणकाकडे रवाना होते. तुम्हीही सोबत जा, कारण खरी गंमत तिथे आहे. डिटेक्टरनं टिपलेला प्रत्येक आकडा म्हणजे एका सरळ रेषेवर वाटेत जे जे लागलं, त्या सगळ्याची बेरीज. कवटी, मेंदू, पाणी, गाठ, सगळं एका आकड्यात मिसळलेलं. अशा अठ्ठावीस हजारांवर बेरजा हाताशी आहेत. त्यांतून ८० गुणिले ८० चौकोनांच्या जाळीतल्या प्रत्येक चौकोनाची किंमत शोधायची आहे. केप टाउनच्या ग्रूट स्कूर हॉस्पिटलात काम करताना अ‍ॅलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला १९५६ मध्ये हेच कोडं पडलं होतं. त्यानं ते गणितानं सोडवून १९६३ आणि १९६४ मध्ये छापलंही, पण फारसं कुणी विचारलं नाही. पुढे १९७९ चं नोबेल हाउन्सफिल्ड आणि कॉर्मॅक या दोघांना मिळून देण्यात आलं.

चित्र परत येतं. खडबडीत आहे, जवळून पाहिलं तर चौकोन मोजता येतात. पण मेंदूच्या पुढच्या भागात एक गोल काळसर डाग स्वच्छ दिसतो. शस्त्रक्रिया होते. सर्जन कवटी उघडतो, तर गाठ चित्रात होती तिथेच आणि तशीच निघते.

आता हा क्षण नीट बघून ठेवा. हाताशी आहे ते चित्र कुणी काढलेलं नाही, ते हिशेबानं तयार झालेलं आहे. प्रकाशाचा छाप फिल्मवर पडला असता तर तो छाप हाच पुरावा झाला असता. इथे मध्ये गणित आहे, आणि गणितात चूक असली तरी पडद्यावर चित्र उमटतंच, तेही तितकंच देखणं. विम्बल्डनमध्ये चित्राचा खरेपणा सुरीनं सिद्ध केला. पण दरवेळी डोकं उघडून खात्री करता येणार नाही. मग हे चित्र खरं कशावरून? इथून पुढे तुम्ही जिथे जिथे जाल, तिथे हाच प्रश्न विचारायचा.

उडी मारा. साल १९८७, न्यूयॉर्क राज्यातलं स्केनेक्टडी, जनरल इलेक्ट्रिकचं संशोधन केंद्र.

मधल्या वर्षांत हाउन्सफिल्डच्या यंत्रासारखे सीटी स्कॅनर जगभर पसरले. हवेला उणे १०००, पाण्याला शून्य आणि घट्ट हाडाला अधिक १००० च्या आसपास अशी मोजपट्टी ठरली आणि तिला हाउन्सफिल्डचं नाव मिळालं. पण चित्रं अजून कापाकापांनीच येतात. रेडिऑलॉजिस्ट भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर फिल्म ओळीनं लावतात, एकामागून एक बघत जातात आणि अख्खी कवटी मनातल्या मनात उभी करतात. सर्जनला विचारायचं असतं की गाठ कानापासून किती वर आणि किती खोल. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात आकार असतो, पण तो दुसऱ्याला दाखवायचा कसा?

विल्यम लोरेन्सन आणि हार्वी क्लाइन तुम्हाला पडद्यासमोर बसवतात. एका कापातले शेजारचे चार ठिपके घ्या, त्याखालच्या कापातले तेच चार घ्या. आठ कोपऱ्यांचा एक घन झाला. आता एक आकडा ठरवा, यापेक्षा जास्त ते हाड. आठपैकी प्रत्येक कोपरा एक तर हाडात किंवा हाडाबाहेर, म्हणजे एकूण २५६ शक्यता. एकमेकींची फिरवलेली किंवा उलटी रूपं बाजूला काढली की उरतात १५. प्रत्येकीसाठी त्रिकोणांची मांडणी आधीच तक्त्यात लिहून ठेवलेली. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईच्या बोटांना जसं कळतं की कुठल्या दोन ठिपक्यांमधून रेघ न्यायची, तसं हे काम तीन दिशांनी चालतं. एक घन झाला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. या पद्धतीचं नावच मार्चिंग क्यूब्स, म्हणजे पावलं टाकत चालणारे घन. थोड्या वेळानं पडद्यावर कवटी उभी राहते, आणि ती तुम्हाला फिरवता येते.

फिरवा. मग तो ठरवलेला आकडा थोडा वाढवा. कवटी आणखी स्वच्छ दिसायला लागते, कडेची कचकच गळून पडते. अजून थोडा वाढवा आणि डोळ्याच्या खोबणीत वाकून बघा. तिथे तळाला भोकं पडली आहेत. रुग्णाच्या हाडात भोक नाही. खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो. एका ठिपक्यात थोडं हाड आणि बरीच हवा मावते, दोन्हींची सरासरी तुमच्या आकड्याच्या खाली जाते आणि सॉफ्टवेअर म्हणतं, इथे हाड नाही. आता आकडा उतरवा. भोकं बुजली, पण कवटीला मांसाचे तुकडे चिकटले. गाडीच्या अपघातात चेहऱ्याला मार लागलेला रुग्ण समोर असेल, तर खोबणीचा तळ मोडला आहे की नाही यावरच पुढचं सगळं ठरतं. अशा वेळी पडद्यावरची देखणी कवटी बाजूला सारून मूळ कापांवर परत जायचं असतं. त्रिमितीतलं चित्र पाहून रुग्ण, नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरही भारावून जातात, म्हणून हे ठासून सांगितलं.

जनरल इलेक्ट्रिकनं मार्चिंग क्यूब्सचं पेटंट घेतलं. पुढे लोरेन्सन यांनी विल श्रोडर आणि केन मार्टिन यांच्याबरोबर या विषयावर पुस्तक लिहायला घेतलं आणि १९९३ च्या अखेरीस त्यासोबतचा प्रोग्रॅम उघड्यावर ठेवायचं ठरवलं. कुणीही घ्या, वाचा, बदला. तोच व्हीटीके. पेटंट असलेला भाग मात्र बरीच वर्षं वेगळ्या कप्प्यात ठेवावा लागला. माझ्या मते या क्षेत्राचं नशीब पेटंटनं नाही, त्या उघड्या प्रोग्रॅमनं बदललं. नंतरच्या अनेक मोफत सॉफ्टवेअरच्या पोटात आजही तोच चालतो.

१९९४ चा नोव्हेंबर, मेरिलँडमधलं बेथेस्डा. इथे थोडंच थांबा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं एका माणसाचं संपूर्ण शरीर आकड्यांच्या रूपात खुलं केलं आहे. टेक्सासात देहदंड झालेल्या एका माणसाचा हा देह. कोलोरॅडो विद्यापीठात तो आधी स्कॅन केला, मग गोठवला आणि एकेक मिलिमीटर खरवडत प्रत्येक थराचा फोटो घेतला. १८७१ थर. पुढच्या वर्षी एका स्त्रीच्या देहाचे थर आले, ते मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीचे, पाच हजारांवर. इथे सीटी, एमआरआय आणि प्रत्यक्ष मांसाचे रंग एकाच शरीरातले आहेत. ज्यांना सॉफ्टवेअर लिहायचं होतं त्यांना पहिल्यांदा सगळ्यांसाठी सारखी, तपासून बघता येण्याजोगी सामग्री मिळाली. हा विषय शिकताना ज्यांनी ज्यांनी हे थर उलटले, ते सगळे या दोन माणसांचे ऋणी आहेत.

पुढचं वर्ष, १९९५. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला या, एमआयटीत. इथे जरा बैठक मारा.

तुमच्यापुढे एकाच रुग्णाची दोन स्कॅन आहेत. एक सीटी, एक एमआरआय. वेगळ्या दिवशी, वेगळ्या यंत्रात घेतलेली. सीटीत कवटी पांढरीशुभ्र आणि मेंदू बऱ्यापैकी एकसारखा राखाडी. एमआरआयमध्ये उलटं, मेंदूची घडी न घडी दिसते आणि कवटीचं घट्ट हाड काळं. सर्जनला दोन्ही हवीत, कवटी कुठे कापायची हे सीटीवरून आणि गाठ कुठवर पसरली आहे हे एमआरआयवरून. म्हणजे दोन चित्रं एकमेकांवर अचूक बसली पाहिजेत. पण एकात मान डावीकडे थोडी कललेली, दुसऱ्यात हनुवटी वर. एकाचे काप जाड, दुसऱ्याचे पातळ.

आधी सोपा उपाय करून बघा, एकातून दुसरं वजा करा. सारखी चित्रं असती तर जुळल्यावर बाकी शून्य उरली असती. इथे पांढऱ्यातून काळं वजा होतं आणि हाती कचरा येतो. मग शिकागोच्या पेलिझारी आणि चेन यांचा १९८९ चा उपाय बघा. एका स्कॅनमधून डोक्याचा पृष्ठभाग काढायचा, दुसऱ्यातून टोपी, आणि टोपी डोक्यावर बसवायची. या पद्धतीला ‘डोकं आणि टोपी’ असंच म्हणतात. ती चालते, पण माथ्याचा भाग बराचसा गोल. गोलावर टोपी थोडी फिरली तरी घट्टच बसलेली वाटते आणि आतल्या गाठीची जागा मात्र सरकते.

आता पॉल व्हायोला आणि विल्यम वेल्स काय करतात ते बघा. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनलाही याच सुमारास कॉलिन्यों, मास आणि त्यांचे सहकारी याच वाटेनं निघाले आहेत. पडद्यावर एक चौरस आखा. आडव्या बाजूला सीटीतली किंमत, उभ्या बाजूला एमआरआयमधली. आता डोक्यातलं एकेक ठिकाण घ्या. तिथे सीटी काय म्हणतो आणि एमआरआय काय म्हणतो ते बघून चौरसात एक ठिपका द्या. लाखो ठिपके पडतात. दोन चित्रं जुळलेली नसतील तर सगळीकडे पसरट डाग. आता एक चित्र मिलिमीटरभर उजवीकडे सरकवा. मग अर्धा अंश फिरवा. डाग आकसायला लागतो. आणखी थोडं पुढे. एकाएकी चौरसात घट्ट पुंजके उठतात, एक हाडाचा, एक मेंदूचा, एक मेंदूभोवतीच्या पाण्याचा, एक हवेचा. चित्रं जुळली.

या यंत्राला हाड म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नाही. ते एवढंच विचारतं की सीटीतला आकडा कळल्यावर एमआरआयमधला आकडा किती नेमक्या अंदाजानं सांगता येतो. अंदाज जितका नेमका, तितकी जुळणी चांगली. क्लॉड शॅननच्या १९४८ च्या माहितीशास्त्रातलं हे माप, टेलिफोनच्या तारांमधून निरोप कसा जातो याचा विचार करताना सापडलेलं. तीन दिशांना सरकवणं आणि तीन दिशांना फिरवणं, असे सहा आकडे बदलत संगणक हे माप वाढवत नेतो. काळ्याला पांढरं आणि पांढऱ्याला काळं म्हणणारी दोन यंत्रं एकमेकांशी सहमत होतात ती इथे. अख्ख्या या प्रवासात मला सर्वांत सुंदर वाटलेली कल्पना हीच.

पण जागे राहा. आसपास याहून मोठा आकडा सापडला नाही की संगणक थांबतो आणि ‘झालं’ म्हणतो. सुरुवातीलाच चित्रं खूप दूर असतील तर तो भलत्याच जागी थांबतो. तिथेही तो ‘झालं’ असंच म्हणतो, आणि दोन्ही वेळचा सूर एकच असतो.

म्हणूनच पुढचा थांबा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टेनेसीमधलं नॅशव्हिल, व्हँडरबिल्ट विद्यापीठ, साल १९९७. तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी देशात आपल्या संगणकापुढे बसला आहात आणि इंटरनेटवरून तिथली स्कॅन तुमच्याकडे उतरत आहेत. सीटी, एमआरआय आणि टोचलेलं किरणोत्सारी औषध शरीरात कुठे साठलं ते दाखवणारं पेट. मेंदूची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा रुग्णांची. स्कॅन घेण्याआधी त्यांच्या कवटीच्या हाडात खुणेसाठी खुंट्या बसवलेल्या होत्या. खुंटी हाडात रुतलेली, म्हणजे ती सरकत नाही. दोन्ही चित्रांत त्याच खुंट्या सापडल्या की खरी जुळणी काय ते व्हँडरबिल्टला कळतं. पण तुमच्याकडे पाठवताना मायकेल फिट्झपॅट्रिक आणि जे वेस्ट यांच्या गटानं खुंट्यांच्या सगळ्या खुणा चित्रांतून पुसून टाकल्या आहेत.

तुम्ही आपली पद्धत लावा आणि उत्तर पाठवा. खरं उत्तर तुम्हाला आधी सांगितलं जाणार नाही. इतर ठिकाणचे गटही आपापल्या पद्धतीनं हेच करत आहेत. व्हँडरबिल्टला सगळी उत्तरं जमा होतात आणि मेंदूतल्या कामाच्या जागांवर, म्हणजे जिथे डॉक्टरांची नजर प्रत्यक्षात जाईल अशा जागांवर, किती मिलिमीटरची चूक झाली ते मोजलं जातं.

निकाल दिलासा देणारा आहे आणि बजावणाराही. बहुतेक वेळा या पद्धती चांगलं काम करतात. पण अधूनमधून मोठी चूक होतेच, म्हणून कुणी तरी डोळ्यांनी बघून खात्री करणं आवश्यकच आहे, असं त्या अभ्यासानं स्वच्छ लिहून ठेवलं. प्रत्येक मोठ्या संशोधनाआधी अशी आंधळी परीक्षा व्हायला हवी, असं मला वाटतं. आपणच आपली पद्धत शोधायची आणि आपणच तिला शंभर गुण द्यायचे, ही सवय किती सहज लागते! त्या रुग्णांच्या हाडातल्या खुंट्यांनी ती मोडली.

खात्री करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे शिकायला बॉस्टनला चला. ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल, १९९९. रॉन किकिनिस यांच्या प्रयोगशाळेत आणि एमआयटीत मिळून एक सॉफ्टवेअर उभं राहतं आहे. डेव्हिड गेरिंग नावाच्या विद्यार्थ्याचा पदव्युत्तर प्रबंध त्याच्या मुळाशी आहे. नाव थ्रीडी स्लायसर. फुकट, आणि आतला प्रोग्रॅम कुणालाही वाचता येण्याजोगा. त्याच मांडणीची आजची आवृत्ती तुमच्यापुढे उघडतो, कारण तीत सगळं नीट दिसतं.

पडद्यावर तीन चौकटी. लाल पट्टी असलेल्या चौकटीत डोकं आडवं कापलेलं, पिवळीत बाजूनं, हिरवीत समोरून. चौथ्या चौकटीत त्रिमितीतलं डोकं. वरच्या कोपऱ्यात एक सरकपट्टी आहे, ती इकडे नेली की एमआरआय, तिकडे नेली की सीटी, मध्ये ठेवली की दोन्ही एकात एक विरघळलेली. मध्ये ठेवूनच समाधान मानू नका, कारण तिथे सगळंच छान दिसतं. पट्टी सावकाश मागेपुढे करा आणि एका जागी नजर रोखा. मेंदूच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांची कड पकडा. पट्टी हलताना ती कड जागची हलली, तर जुळणी चुकली. मग कवटीचा तळ बघा, मग डोळ्यांचे गोळे. बाहेरच्या कातडीच्या कडेवर भरवसा ठेवू नका. ती जुळलेली असूनही आतलं फिरलेलं असू शकतं, टोपीचा किस्सा आठवा.

आणखी एक गोष्ट बघायची राहिली, डावं कुठलं आणि उजवं कुठलं. रेडिऑलॉजीत पडद्याच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते, जणू तुम्ही त्याच्या पायाशी उभे राहून बघत आहात. पण सगळी सॉफ्टवेअर ही रीत पाळत नाहीत. स्कॅनची फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात नेताना जुन्या काही प्रकारांत बाजूचा उल्लेखच नीट नसायचा आणि मेंदू आरशातल्यासारखा उलटा व्हायचा. मेंदू डावीउजवीकडे इतका सारखा असतो की नुसत्या नजरेला पत्ता लागत नाही. म्हणून एमआरआय घेताना काही संशोधक रुग्णाच्या उजव्या कानशिलाला ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटपट्टीनं लावत. औषधाच्या दुकानात मिळते तीच, तेलानं भरलेली. एमआरआयमध्ये तेल लखलखीत पांढरं दिसतं. चित्र कितीही फिरवा, कॅप्सूल दिसते ती बाजू उजवी. लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरला चुकायला जागा आहे, कॅप्सूलला नाही!

डोकं तसं सोपं. कवटी आकार बदलत नाही, म्हणून सहा आकड्यांत भागतं. छाती आणि पोट हलतं, श्वास घेतं, जेवण पचवतं. १९९८ मध्ये पिट्सबर्गला डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी यावर वेगळा तोडगा काढला. दोन स्कॅन नंतर जुळवण्यापेक्षा दोन्ही यंत्रंच एकामागे एक बसवा. रुग्ण एकदाच झोपेल आणि पलंग सीटीतून पुढे पेटमध्ये जाईल. परळच्या टाटा हॉस्पिटलात बाहेर बाकावर जी माणसं केसपेपर हातात धरून पेट-सीटीची वाट बघत बसलेली दिसतात, त्यांची तपासणी याच घराण्यातली. आधी साखरेसारखं एक औषध टोचतात, त्यात किरणोत्सारी फ्लोरिन असतो. दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो, म्हणून तो जवळच बनवावा लागतो. जिथे पेशी साखर हावरटपणे खातात तिथे तो साठतो आणि पडद्यावर लालपिवळा चमकतो.

तुम्ही पडद्यापाशी उभे राहून बघा. फुफ्फुसाच्या तळाशी एक चमकता ठिपका आहे. घाबरू नका, आधी विचारा. सीटी काही सेकंदांत झालं, पेट कित्येक मिनिटं चाललं. सीटीच्या वेळी छाती फुगलेली असेल तर यकृत खाली गेलेलं. पेटच्या वेळी रुग्ण साधा श्वास घेत होता, यकृत वरखाली होत होतं. म्हणजे ठिपका यकृताच्या माथ्यावरचा असून फुफ्फुसात आहे असा भास होऊ शकतो. एकाच पलंगावर, एकाच यंत्रात घेतलेल्या चित्रांचंही असं होतं. अनुभवी डॉक्टर अशा वेळी रंग बंद करून दोन्ही चित्रं वेगवेगळी बघतात.

रंगांचंही असंच. लाल रंग कुठल्या आकड्यापासून सुरू करायचा हे कुणी तरी ठरवलेलं असतं. तो थोडा खाली आणला की गाठ पडद्यावर मोठी होते, वर नेला की लहान. शिवाय पेटला चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक फारसं दिसत नाही. सीटीच्या बारीक चित्रावर त्याला पसरताना सॉफ्टवेअर मधल्या जागा गुळगुळीत भरून काढतं आणि न पाहिलेलाही तपशील पाहिल्यासारखा वाटतो.

काही सॉफ्टवेअर तर चित्र रबरासारखं ताणून जुळवतात. पोटासाठी ते लागतंच. पण केमोथेरपीआधीचं आणि नंतरचं स्कॅन असं जुळवलं, तर मोकळा हात मिळालेलं सॉफ्टवेअर लहान झालेल्या गाठीला ताणून जुन्या गाठीएवढी करून दाखवू शकतं. औषधाचा गुण आला की नाही हेच बघायचं होतं आणि जुळणीनं नेमकं तेच पुसून टाकलं. ताणायची मुभा किती द्यायची हे माणसानं ठरवायचं आणि ताणलेलं कुठे आहे हेही बघायचं.

आता शेवटची उडी, आजच्या दिवसात. एका मोठ्या हॉस्पिटलचं न्यूरोसर्जरीचं ओटी. अंगावर हिरवे कपडे, तोंडाला मास्क, तुम्ही नॅव्हिगेशनच्या पडद्यापाशी बसला आहात. रुग्णाला भूल दिलेली आहे, डोकं तीन टोकांच्या क्लॅम्पमध्ये पक्कं धरलेलं. क्लॅम्पला चमकत्या गोळ्यांची चौकट आणि समोर ती बघणारा कॅमेरा. सर्जन बाईंच्या हातातल्या दर्शक-सळईलाही तशाच गोळ्या. सळईचं टोक जिथे टेकेल, ती जागा एमआरआयवर लाल फुलीनं दिसायला हवी.

चीर घेण्याआधी बाई सळईचं टोक रुग्णाच्या नाकाच्या मुळाशी टेकवतात. “बघा, कुठे आहे?”

तुम्ही पडद्यावर वाकता. “मॅडम, कातडीच्या वर दिसतंय. तीन मिलिमीटर.”

“कानापाशी?”

“तिथेही वर. जरा मागेसुद्धा.”

“मग परत जुळवा.”

भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतात, बोलत काहीच नाहीत. कपाळ, भुवया, नाकाचा दांडा यांवरून सळई पुन्हा फिरते, नवे बिंदू जमा होतात, संगणक नवे सहा आकडे काढतो. नाकाचं मूळ जुळलं. कानापाशीही जुळलं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बाई तिसऱ्यांदा खात्री करतात आणि मगच चीर घेतात.

तासाभरानं कवटीचा तुकडा निघतो, आवरण उघडतं, पाणी वाहून जातं. आणि मेंदू बसतो. काही मिलिमीटर, कधी त्याहून जास्त. पडद्यावरचं चित्र सकाळचं आहे आणि समोरचा मेंदू आत्ताचा. बॉस्टनला फेरेंक योलेश यांनी १९९० च्या दशकात सर्जनला रुग्णापाशी उभं राहता येईल असा उघड्या रचनेचा एमआरआयच ओटीत आणला, तो याच अडचणीपायी. इथे तो नाही. बाईंना हे पाठ आहे. गाठीची वरची कड त्यांनी पडद्यावर बघून काढली, खालच्या कडेला हात थांबवला.

“आता यावर भरवसा नको. अल्ट्रासाऊंड घ्या.”

प्रोब मेंदूवर टेकतो, खरखरीत राखाडी चित्र पडद्यावर येतं. ते सकाळच्या एमआरआयवर बसवायचं आहे. एकात पाणी काळं, दुसऱ्यात काही ठिकाणी पांढरं, एकात गाठ उजळ, दुसऱ्यात नुसती रवाळ. संगणक आपलं काम करतो आणि ‘झालं’ म्हणतो. तुम्ही सरकपट्टीवर माऊस नेता.

“पोकळीची कड आधी बघा,” बाई मान न वळवता सांगतात, “मग मेंदूच्या दोन भागांमधला पडदा. दोन्ही बसल्याशिवाय मला हो म्हणू नका.”